तुलना कशाशी केली, ते आधी विचारा



जनुक बदललेला चारा घातला तर दूध बिघडतं का, असं मला गोठ्यागोठ्यात विचारतात. मी उलट विचारतो: चारा कोणता, बदल कोणता, आणि तो कशाशी ताडून पाहिला? हा शेवटचा प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही. म्हणून आज मिळालेली बरीचशी मिनिटं मी त्याच्यावरच घालवणार आहे.

आपल्याकडे असं चारापीक लावायला परवानगी नाही. पण जनुक बदललेली बीटी कपाशी २००२ पासून शेतात आहे आणि तिच्या सरकीची पेंड तुमच्या गव्हाणीत रोज पडते. तेव्हा विषय परका म्हणून रेडिओ बंद करू नका. उदाहरण मात्र अमेरिकेतल्या लसूणघासाचं घेतो. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं तरी न मरणारा लसूणघास तिथे २००५ साली लागवडीला मोकळा झाला. लोक कोर्टात गेले, २००७ मध्ये नवी लागवड थांबली, २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोर्टातला वाद मधमाश्यांमार्फत पराग पसरण्याचा होता. खाण्याच्या सुरक्षिततेची तपासणी वेगळी, आणि मी बोलतोय ती तिच्याबद्दल.

या तपासणीत पहिल्यांदा नवं प्रथिन बघतात. जठरातल्यासारख्या आम्लात आणि पेप्सिनमध्ये ते टाकतात. लसूणघासातलं हे प्रथिन त्यात झटक्यात पचतं. मग त्याची रचना ॲलर्जी करणाऱ्या माहीत असलेल्या प्रथिनांशी जुळते का, ते पाहतात. हे सगळं आवश्यक आहे. पण आपली गाय नुसतं एक प्रथिन खात नाही, अख्खी पेंढी खाते, आणि वर्षानुवर्षं खाते. मग पेंढीतलं बाकीचं सगळं तपासायला नको का?

आता तुलनेकडे येतो. घरात नवी ज्वारी आली आणि तिची भाकरी कशी होते ते बघायचं आहे. तुम्ही काय कराल? जुन्या ज्वारीची आणि नवीची भाकरी एकाच तव्यावर, एकाच जाळावर, एकाच हाताने थापून घ्याल. जुनीची काल केली होती, ती सासूबाईंनी, आणि नवीची आज सुनेने केली, तर फरक ज्वारीचा की हाताचा? सांगता येणार नाही. लसूणघासाचं तसंच आहे. कळी धरताना कापला तर कोरड्या वजनावर प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर मिळतात. पूर्ण फुलोऱ्यात कापला तर ती बरीच उतरतात आणि तंतू वाढतो. दोन्ही घास साधेच, बियाणंही एकच. म्हणून बदललेला आणि न बदललेला घास एकाच शेतात, शेजारच्या वाफ्यांत, एकाच दिवशी कापलेला हवा. एका तव्याने भागत नाही, निरनिराळ्या मातीत आणि हवामानात हे करावं लागतं. शिवाय गावातल्या चार घरच्या भाकऱ्याही शेजारी ठेवाव्या लागतात, म्हणजे बाजारातली नेहमीची वाणं. नव्यात थोडा फरक दिसला, तर तो नेहमीच्या वाणांमधल्या फरकापेक्षा मोठा आहे का, हे त्यावरूनच कळतं.

लसूणघासात आणखी एक अडचण आहे. तो परपरागीकरणाचा, गुणसूत्रांचे चार संच असलेला. गव्हासारखी तंतोतंत जुळणारी शुद्ध ओळ त्यात मिळत नाही. त्यामुळे जोडीला कोणता घास घेतला हे फार बारकाईने बघावं लागतं. पुन्हा सांगतो, अहवालातला निष्कर्ष वाचण्याआधी जोडीला कोण होतं ते वाचा.

मोजायचं काय? प्रथिनं, तंतू, खनिजं तर आहेतच. पण लसूणघासात सॅपोनिन असतं, कुमेस्ट्रॉल असतं. कुमेस्ट्रॉल मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. फार झालं तर जनावर माजावर येण्यात, गाभण राहण्यात बिघाड होतो. आणि पानांवर बुरशीचा रोग आला की साध्या घासातही ते वाढतं! म्हणजे एका वाफ्यावर रोग आणि दुसऱ्यावर नाही, की तुलना फुकट गेली.

अमेरिकेतच २०१४ मध्ये कमी लिग्निनचा, म्हणजे काडी कडक करणारा घटक कमी असलेला, लसूणघास मोकळा झाला. त्यात नवं प्रथिन नाहीच. झाडाचंच एक जनुक दाबलेलं आहे. फक्त नवं प्रथिन तपासणाऱ्याने इथे काय तपासायचं? लिग्निन आणि कुमेस्ट्रॉल, दोन्हींची सुरुवात झाडात एकाच कच्च्या मालापासून होते. एक कमी केलं तर दुसरं वाढलं का, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? इथे अख्ख्या पेंढीची तुलना हाच तपासणीचा कणा आहे. सगळं पूर्वीसारखंच आहे असा दाखला इथे चालत नाही, कारण बदल मुद्दाम केलेला आहे.

“चाराच तर आहे, माणूस थोडाच खातो,” असं म्हणणाऱ्यांवर मला खरंच रागवावंसं वाटतं. लसूणघासाच्या बियांना मोड आणून माणसं ते कच्चे खातात, आणि बियांत व मोडांत कॅनाव्हॅनिन हे अपायकारक द्रव्य असतं, तेही मोजावं लागतं. स्टारलिंक मका आठवा. १९९८ मध्ये अमेरिकेने तो फक्त जनावरांसाठी मंजूर केला, माणसासाठी नाही. २००० साली तो टाको नावाच्या मक्याच्या खाद्यपदार्थात सापडला आणि दुकानांतून माल परत मागवावा लागला. दाणा गोदामात गेला की तो कुणासाठी आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून अन्न आणि चारा, दोन्हींची तपासणी मंजुरीआधीच व्हायला हवी.

फवारणीचंही सांगायचं होतं. तणनाशक सोसणारा घास न फवारता तपासला तर ती तुमच्या शेतातली परिस्थिती नव्हे. फवारलेलाही तपासायला हवा, आणि अवशेषांची मर्यादा हा तर वेगळाच... असो, वेळ संपत आलाय.

सरकीबद्दल एवढंच. बीटी कपाशीच्या मंजुरीआधी कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना ती सरकी खाऊ घालून पाहिली गेली होती. पण पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, बीटी असो वा नसो. लहान वासरांना ते सोसत नाही, त्यांच्यापुढे पेंडीचं घमेलं ठेवू नका. किती वयापासून आणि किती घालायची, ते पुढच्या भाषणात सांगेन.