आखाजीला येणारी लेकरे आणि आपले घर



आज मंडळाच्या वर्धापनदिनी मी घरातलाच विषय घेते. आपल्याकडे पाहुणी म्हणून येणारी लहान लेकरे सुखरूप कशी राहतील, हा तो विषय.

आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. अक्षय्य तृतीयेला धुळ्याची लेक जळगावला येते, जळगावची धुळ्याला जाते. निंबाला झोके लागतात, खापरावर मांडे होतात, आमरसाची पातेली भरतात. असोद्याच्या बहिणाबाईंनीही या सणावर गाणे रचले आहे. लेकीबरोबर नातवंडे येतात आणि घराला शोभा येते. परंतु लेकरांना जपायचे दिवसही हेच.

ज्या घरात रोज मूल रांगते, त्या घराला वळण असते. जेथील मुले मोठी होऊन पंधरा-वीस वर्षे झाली, तेथे ते वळण राहत नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या उशाशी असतात, फिनेलची बाटली मोरीत खालीच असते. शिवाय घरात दहा माणसे असली, म्हणजे प्रत्येकीला वाटते की बाळाकडे दुसरी पाहते आहे.

याहून मोठी अडचण संकोचाची. आमच्या आळीत माहेरी आलेली एक लेक दुपारभर बाळाला कडेवरून उतरवीत नव्हती. मी खोदून विचारले, तेव्हा हळूच म्हणाली, “काकू, कूलरची वायर उघडी पडली आहे. पण वहिनींना कसे सांगू? नावे ठेवली असे वाटेल.” भगिनींनो, पाहुणीवर अशी वेळ येऊ नये. तिने सांगण्याआधी आपण पाहावे, हाच खरा पाहुणचार.

माझी रीत सोपी आहे. नणंदेची मुलगी तान्ह्याला घेऊन येणार असली, की आदल्या दिवशी मी चक्क फरशीवर बसते आणि बाळाच्या उंचीवरून घर पाहते. उभ्याने जे दिसत नाही, ते बसल्यावर दिसते.

पहिले पाणी. नळ रोज येत नाही तेथे आपण बादल्या, टिपे भरून ठेवतो. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत डोकावले आणि तोल गेला, तर वीतभर पाणीही जिवावर बेतते. भरलेल्या भांड्याला घट्ट झाकण घालावे, मोरीला कडी लावावी.

दुसरा कूलर. पारा 44-45 अंशांवर गेला, म्हणजे तो दिवसभर चालतो. पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र, म्हणून उन्हाळ्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. चालू कूलरमध्ये पाणी भरू नये. प्लग काढूनच भरावे.

तिसरी चूल. मांडे करताना खापर, कढत पुरण, रश्शी यांच्याजवळ मुलांना फिरकू देऊ नये. भाजलेच, तर त्या जागी साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. मग डॉक्टरांकडे न्यावे.

चौथे, तोंडात जाणारे. शेंगदाणे आपल्या घरी मुबलक, पण चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. खेळण्यातली, रिमोटमधली बटणासारखी बॅटरी तर फार वाईट. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच आत भाजू लागते. तेव्हा वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा.

पाचवे विष. आपला कपाशीचा मुलूख. फवारणीचे औषध पुष्कळांच्या घरी असते. 16 जुलै 2013 रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. म्हणून असे औषध, त्याचा रिकामा डबासुद्धा, स्वयंपाकघराच्या आसपास नको. अ‍ॅसिड किंवा फिनेल सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. मुलाने काही प्याले, तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. तो दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

या कामाला एक सकाळ पुरते, खर्च फारसा नाही. शिवाय सणाच्या दिवशी पाळी लावावी. मांडे करणारीने मांडे करावेत, आणि त्या तासाला लेकरांकडे पाहणारी एकच बाई नावानिशी ठरवावी. मग “मला वाटले तू पाहतेस” असे म्हणायची वेळ येत नाही.

आणि लेक दारात आली, की भाकरतुकडा ओवाळून झाल्यावर तिला आपणच म्हणावे, “घर पाहून ठेवले आहे ग. तरी तुला काही दिसले तर निःसंकोच सांग, मला राग येणार नाही.” एवढे ऐकले, म्हणजे तीही बाळाला खाली सोडून दोन घटका झोक्यावर बसेल. वर्षातून एकदा ती माहेरी येते, ती त्याचसाठी ना?