जुन्या गोव्याची चर्च आणि चुन्याचा गिलावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. इमारतींची विद्या मी शिकलेले नाही. पण घर सारवणे, दिवाळीआधी भिंती पोतारणे आणि पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेणे हे पंचवीस वर्षे करीत आले आहे. तेवढ्याच भांडवलावर चार शब्द बोलणार आहे.

आपल्या मंडळाची सहल गोव्याला गेली होती. भंडारा रोडहून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर आणि तेथून एस. टी. ने गोवा. समुद्राचे वर्णन प्रत्येकीने घरोघर केलेच आहे, म्हणून मी ते करीत नाही. मी बोलणार आहे ती जुन्या गोव्याच्या चर्चविषयी. मांडवी नदीकाठची ही जुनी राजधानी. साथीच्या रोगांनी वस्ती उठली, कारभार पणजीला गेला, आणि मागे उरली ती मुख्यतः ही देवळे. १९८६ पासून त्यांची गणना जागतिक वारशात होते.

बसमध्येच एका भगिनीने विचारले, “आपली देवळे पाडणाऱ्यांची देवळे आपण कशाला पाहायची?” प्रश्न रास्त होता. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, ते कायमचे उठले १८१२ मध्ये. मंगेशाला कुठ्ठाळीहून रातोरात नदीपलीकडे प्रियोळला न्यावे लागले, हे तर तिथला प्रत्येक पुजारी सांगतो. हे विसरून चर्च पाहावीत असे मी म्हणणार नाही. पण हात कोणाचे लागले तेही पाहावे. संत झेवियरचे शव ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडविली. आमच्याबरोबर कासाराच्या घरची एक बाई होती. पेटी उंच चौथऱ्यावर, लांबून दिसते. तरी ती मान वर करून किती वेळ उभी होती! तो संगमरवरी चौथरा मात्र इटलीतला. तस्कनीच्या राजाने पाठविलेला, १६९८ मध्ये येथे उभा केलेला. मला विचाराल तर पेटीच सरस.

आणि दुसऱ्या दिवशी कवळ्याला शांतादुर्गेचे देऊळ पाहिले, शाहू महाराजांच्या काळात बांधलेले. वर घुमट, कमानीच्या खिडक्या, आत काचेची झुंबरे. चर्चमध्ये पाहिलेले अर्धेअधिक तिथे आईच्या दारात दिसले. प्रश्न विचारणारी भगिनी तेथे गप्पच झाली. मीही तिला काही बोलले नाही.

आता बॉम जीझस, म्हणजे बाळ येशूचे चर्च. बांधकाम १५९४ ला सुरू, १६०५ ला पूजा होऊन उघडले. दर्शनी भिंत तीन मजली, वर गोल खिडक्या. भिंत लाल जांभ्याची आणि त्यावरचे नक्षीचे खांब काळ्या दगडाचे. जांभा खडबडीत, त्यात बारीक नक्षी उठत नाही, म्हणून काळा दगड थेट वसईहून आणविला. ही वसई म्हणजे चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली तीच. तेथल्या चर्चच्या घंटा आपल्या भीमाशंकराला, नाशकाच्या नारोशंकराला आजही टांगलेल्या आहेत. देवळादेवळांत अशी देवघेव पुष्कळ झालेली आहे.

आत शिरताना चपला काढायच्या नाहीत, हे काही आम्हांला जमेना. आत कोकणीत प्रार्थना चालली होती. अर्धी कळली. ‘आमच्या बापा’ म्हणून देवाला हाक मारलेली तर सगळ्यांना कळली.

पण मला खरे बोलायचे आहे ते भिंतीविषयी. ते लाल चर्च चित्रांत पाहून आपल्याला वाटते, त्याचा रंग मूळचाच. तसे नाही. शेजारची सारी चर्च पांढरीशुभ्र आहेत, तसेच तेही बाहेरून चुन्याने लिंपलेले होते. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, १९५० च्या दशकात, एका पोर्तुगीज दुरुस्तीकाराने इमारत अधिक जुनी दिसावी म्हणून गिलावा खरवडून काढविला. आता जांभा कसा असतो? खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर कठीण होतो; पण अंगभर भोके. पाणी पितो. गोव्याचा पाऊस तर आपल्या दुप्पट! आपल्याकडे पांढऱ्या मातीचा हात एक वर्ष चुकला तर पावसाच्या मारगिरीची भिंत कशी पोपडते, हे येथे बसलेल्या कोणाला सांगायला हवे? २०२० मध्ये त्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूंनीच पुरातत्त्व खात्याला जाहीर विनंती केली होती की, छप्पर वेळेवर झाका आणि भिंतींना पुन्हा गिलावा करा. काही लोकांना लालच रंग आवडतो, सवयीचा झाला म्हणून. मला विचाराल तर साडी फाटू द्यायची की अस्तर लावायचे, इतकाच हा प्रश्न आहे.

दुर्लक्षाने काय होते ते पाहायला फार दूर जायला नको. जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टिनचे चर्च १६०२ मध्ये पुरे झाले होते. १८३५ मध्ये सरकारी हुकमाने मठ ओस पडला. सातच वर्षांत, १८४२ ला, वरची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा गेला. उरलेला मनोरा दीडशे फुटांचा आहे, जांभ्याचाच, बोडका. खाली जमिनीत थडग्यांचे कोरीव दगड, त्यांवरून शेवाळ. तिथे कोणी फारसे बोलले नाही. घरातली माणसे उठून गेली की घर कसे होते, ते आपण गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत पाहिलेले आहे.

से कॅथेड्रलचे सांगायचे राहिले. १५६२ ला पाया, १६१९ ला इमारत पुरी. पायाच्या गवंड्याचा नातू शेवटच्या दगडाला असेल! दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, म्हणून ते एका बाजूने लंगडे दिसते. आत संत कॅथरिनची सोनेरी वेदी आहे, आणि मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’. नाव तिच्या आवाजावरून.

पुढे ज्या जातील त्यांनी सकाळी लवकर जावे, खांदे झाकलेले असावेत, आणि रविवार टाळावा, प्रार्थनेची गर्दी असते. ऑगस्टिनची टेकडी आधी चढावी, मग बॉम जीझस पाहावे. उलट केले तर पाय थकतात आणि टेकडी राहून जाते.

येताना रस्त्याच्या कडेचा जांभ्याचा एक खडा मी आणला आहे. अध्यक्षीणबाईंच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी पाण्याचा तांब्या आहे. जाताना प्रत्येकीने त्यावर दोन थेंब टाकून पाहावे, पाणी कुठे जाते ते.