माकडताप : नोंदीतला आणि नोंदीबाहेरचा
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु नोंदवह्या माझ्या ताब्यात असतात, आणि आजचा विषय नोंदींचाच आहे. गतवर्षी काजूच्या हंगामात तापाने दाखल झालेल्या एका भगिनीच्या मुलाने घरी जाताना मला विचारले, "आईला नेमके झाले काय होते?" आमच्या वहीत निदानाच्या रकान्यात केवळ 'ताप' असे लिहिलेले होते. रक्ताचा नमुना पाठविलाच गेला नव्हता. मी निरुत्तर झालो.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या गोचीडजन्य विषाणूचा छडा लावला. दीर्घकाळ हा रोग त्याच राज्यापुरता मानला गेला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत, तर २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात तो आढळला. रुग्णांपैकी शेकडा तीन ते पाच दगावतात.

हा रोग किती आढळतो, हे सांगणे मात्र वाटते तितके सोपे नाही. गोचिडी एकेक करून तपासत नाहीत. अनेक एकत्र वाटून त्यांचा एक गट तपासतात. गट बाधित निघाला, तर त्यात निदान एक गोचीड बाधित होती, एवढेच सिद्ध होते. गटांची टक्केवारी गोचिडींची म्हणून मांडणे म्हणजे पेटीतील एक आंबा नासका निघाला म्हणून सगळी पेटी नासकी लिहिणे होय! (आमचे लेखापरीक्षक असा ताळेबंद स्वीकारणार नाहीत.) शिवाय चावते ते बहुधा गोचिडीचे बारीकसे पिल्लू, जे डोळ्यांना सहजासहजी दिसतही नाही. त्यामुळे "गोचीड चावली का?" या प्रश्नाला रुग्णाने दिलेला नकार पुरावा ठरत नाही.

माणसांचा हिशेब याहून अवघड. लक्षणे डेंग्यू वा लेप्टोसारखी. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू सापडतो. नंतर प्रतिपिंडे तपासावी लागतात. काहींचा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी परत येतो आणि मेंदूवर परिणाम होतो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. जो तपासला गेला नाही, तो शासकीय आकड्यांत नाही.

हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. गोचिडींचाच दुसरा एक रोग, क्रिमियन-काँगो ताप, तसा नाही. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत रुग्णाबरोबर शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिकाही बळी पडल्या. हातमोज्यांच्या देयकावर सही करताना मी हे विसरत नाही.

माकडतापाची कर्नाटकात दिली जाणारी जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली. त्यावर खात्रीचे औषध नाही. वेळेवर सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि चांगली शुश्रूषा एवढेच हाती आहे. म्हणूनच येत्या डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत दाखल होणाऱ्या तापाच्या प्रत्येक रुग्णास, तो रानात वा काजूच्या बागेत गेला होता का, आसपास माकड मेलेले आढळले का, हे विचारले जाईल. संशय आल्यास त्याच दिवशी नमुना शीतपेटीतून शासकीय यंत्रणेमार्फत रवाना होईल. शीतपेट्या व वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला आहे. त्यास सभेने मंजुरी द्यावी, अशी नम्र विनंती करतो.