ट्रेनर काय विचारतो?

डॉक्टरला दवाखाना थाटायचा तर वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. फिटनेस ट्रेनरवर आपल्याकडे असं बंधन नाही. कालपर्यंत शेजारी वजनं उचलणारा मुलगा उद्या टी-शर्टवर ‘कोच’ छापून उभा राहू शकतो. त्यामुळे पारख करायची ती फी भरणाऱ्यानेच, आणि बरेच जण ती ट्रेनरचे दंड बघून उरकतात.

दंड त्याच्या मेहनतीचे आणि आई-वडिलांकडून आलेल्या हाडापेराचे. गुडघे कुरकुरणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईंना हात न टेकता खुर्चीतून उठता यावं, यासाठी काय करून घ्यायचं हे त्याला ठाऊक आहे का, ते दंडावरून कसं कळणार?

ते कळतं त्याच्या प्रश्नांवरून. 1970 च्या दशकात कॅनडात व्यायामापूर्वी विचारायच्या सात प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. हृदयविकार आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्यांचा त्रास आहे का, असे साधे प्रश्न. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. जाणता ट्रेनर याच्या जोडीला चालू असलेली औषधंही विचारतो, आणि ते चौकसपणापायी नव्हे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे कितीही धावलं तरी नाडी फारशी वाढत नाही; मग मनगटावरच्या घड्याळातला आकडा फसवा ठरतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. श्वास कोंडून जड वजन उचललं की रक्तदाब उसळतो. हे काहीच न विचारता जो पहिल्याच दिवशी बारखाली उभं करतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडावं.

प्रमाणपत्र जरूर मागावं, पण भिंतीवरची चौकट बघून थांबू नये. एसीएसएम, एनएससीए, एसीई या अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागतात आणि त्यांना सीपीआरचं प्रशिक्षण लागतं. तेव्हा त्यावरची तारीख वाचावी. शिवाय एखाद्याची शिकवणी लांबून पाहावी. ट्रेनरचं लक्ष समोरच्याच्या पाठीच्या कण्याकडे आहे की मोबाइलकडे? आसन दुरुस्त करताना तो आधी विचारून हात लावतो का? नोंदवहीत वजन, आवर्तनं, दुखणं लिहितो का?

पहिल्या आठवड्यात अंग दुखणारच. एक ते तीन दिवस ते साहजिक आहे. पण नवख्याला बेसुमार राबवलं तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. स्नायू सुजले आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर थेट रुग्णालय गाठायचं. ‘नो पेन, नो गेन’ ही घोषणा अशा वेळी निव्वळ बेजबाबदारपणाची.

पावडरीच्या डब्यांचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितलं आहे. सर्वसाधारण प्रौढाला किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पन्नासेक ग्रॅम. डाळ, उसळ, दही, अंडी, मासळी यांतून ती मिळतात. जो ट्रेनर स्वतःच डबे विकतो, त्याचा आहारसल्ला विक्रेत्याचा समजावा. इंजेक्शनचं नाव काढणाऱ्याशी तर बोलणंच तिथे संपवावं. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठीचं मेफेंटरमीन दम वाढवायला म्हणून जिममध्ये विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. हृदयाच्या ठोक्यांशी हा खेळ आहे.

राहिला पैशांचा मुद्दा. वर्षाच्या सवलतीला भुलू नये. आधी एक सत्र, मग एका महिन्याची फी. आजारपणात बुडालेली सत्रं पुढे मिळतील का, ट्रेनर मध्येच जिम सोडून गेला तर उरलेली रक्कम परत कोण देणार, हे पावतीवर लिहून घ्यावं.