हिरव्या तळ्याला औषध कोणते?



आज आम्ही तुमच्याशी तळ्याच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. तळे, तलाव, धरण, जिथे म्हणून पाणी साठून उभे राहते, त्या पाण्याविषयी.

पाणी खाली गेले, ऊन तापले, वारा पडला, की एखादे दिवशी तळे हिरवेगार दिसू लागते. जणू कोणी हिरव्या रंगाचा डबा पाण्यात ओतला! काठाला साय धरते. सायीला घाण वास सुटतो. मग पारावर बोलणे सुरू होते. एक म्हणतो, "शेवाळ आहे. त्यात काय एवढे?" दुसरा म्हणतो, "उकळून प्यावे, म्हणजे झाले." तिसरा म्हणतो, "मोरचूद आणा आणि टाका तळ्यात. दोन दिवसांत साफ!"

तिघेही भले लोक आहेत. पण तिघांचेही म्हणणे धोक्याचे आहे. कसे, ते एकेक करून पाहू.

पहिले म्हणणे शेवाळाचे. सगळे शेवाळ वाईट नसते. दगडावर धरते, पाण्यात केसांसारखे लांब वाढते, ते साधे शेवाळ. आम्ही सांगतो आहोत ते निराळे. त्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतात. खरे पाहता ते शेवाळच नव्हे. ती जिवाणूंची एक जात आहे. एकटा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. कोट्यवधी एकत्र आले की पाणी हिरवे होते. यातल्या काही जाती विष तयार करतात. कोणते विष यकृत, म्हणजे लिव्हर बिघडवते. कोणते मज्जातंतूंवर जाते आणि श्वास कोंडतो.

ही गोष्ट आजची नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या माणसाने ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना तलावाची हकिकत लिहून छापली. वाऱ्याने तलावावरची हिरवी साय एका काठाला जमली. जनावरांनी तिथेच तोंड घातले. मेंढ्या मेल्या, घोडे मेले, कुत्री आणि डुकरेही मेली.

माणसाचा जीव जातो का? हो, जातो. १९९६ साली ब्राझील देशात कारुआरू या शहरी असे घडले. तिथे एका दवाखान्यात मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यांचे रक्त यंत्राने धूत असत. त्यासाठी लागणारे पाणी जलाशयातून टँकरने येई. ते नीट शुद्ध केलेले नव्हते. पाण्यातले विष थेट रोग्यांच्या रक्तात गेले. यकृत निकामी होऊन ५२ माणसे दगावली.

तेव्हा "त्यात काय एवढे" असे म्हणून चालायचे नाही.

आता हे शेवाळ ओळखायचे कसे? एक लांब काठी घ्या आणि पाण्यात बुडवून वर काढा. काठीला हिरवे धागे लोंबले, तर ते बहुधा साधे शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी निघाली, तर संशय धरा. दुसरी रीत बाटलीची. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून काचेच्या बाटलीत ते पाणी भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल, तर संशय पक्का समजा. मागाहून हात साबणाने धुवा. मात्र एक ध्यानात ठेवा. काही विषारी जाती वर तरंगत नाहीत, पाण्यात आतच पसरतात. म्हणून पाण्याचा रंग, वास किंवा चव एकाएकी बदलली, तरी सावध व्हा. विष आहे की नाही, हे शेवटी प्रयोगशाळेतच कळते.

आता दुसरे म्हणणे, उकळण्याचे. पटकीचा किंवा हगवणीचा जंतू उकळल्याने मरतो. म्हणून पाणी उकळून प्यावे, हे आपण सगळे शिकलो. ते खरेच आहे, आणि तसे करतच राहा. पण इथे जंतू मरून भागत नाही. विष म्हणजे जंतू नव्हे. ते उकळल्याने जात नाही. उलट उकळताना जिवाणू फुटतो आणि त्याच्या पोटातले विष पाण्यात येते. पाणी आटते, विष मात्र भांड्यातच राहते. फडक्याने गाळले तरी विरघळलेले विष खाली उतरतेच. तुरटी फिरवली तरी ते जात नाही.

२०१४ सालची गोष्ट पाहा. अमेरिकेत टोलेडो नावाचे शहर आहे. ते ईरी नावाच्या मोठ्या सरोवराचे पाणी पिते. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात नळाच्या पाण्यात हे विष सापडले. चार लाखांवर लोकांना हुकूम झाला, "पाणी पिऊ नका आणि उकळूही नका." दोन-तीन दिवस एवढ्या मोठ्या शहराने बाहेरून आणलेल्या पाण्यावर काढले. पैसा होता, यंत्रे होती, तरी सरोवराने अडवले.

आता तिसरे म्हणणे, मोरचुदाचे. हे सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून नीट ऐका.

मोरचूद तुमच्या ओळखीचे आहे. द्राक्षबागेवर चुना घालून फवारतात, तेच. त्याने हे शेवाळ मरते, यात खोटे काही नाही. पण मेल्यावर काय होते?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात पाम आयलंड नावाचे बेट आहे. तिथे त्या देशाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांना सॉलोमन धरणाचे पाणी मिळे. १९७९ साली त्या पाण्याला वाईट चव आणि वास येऊ लागला. धरणात शेवाळ माजले होते. लोकांनी तक्रार केली. तेव्हा धरणाच्या पाण्यात मोरचूद टाकले गेले. मग थोड्याच दिवसांत मुले आजारी पडू लागली. उलट्या झाल्या. यकृत सुजले. पुढे रक्ताची हगवण लागली, मूत्रपिंडांवर परिणाम झाला. एकंदर १४८ माणसे आजारी पडली. त्यांत १३८ मुले होती. पुष्कळांना रुग्णालयात सलाईन लावावे लागले. उपचार मिळाले म्हणून ती वाचली. हा रोग कोणता, ते आधी कोणाला कळेना. लोक त्याला गूढ रोग म्हणत. पुढे शोध घेता घेता माग धरणाच्या पाण्यापर्यंत पोचला.

असे का झाले? जिवाणू जिवंत असतो, तोवर पुष्कळसे विष त्याच्या पोटात बंद असते. त्याला मोरचुदाने मारले, की त्याची कातडी फुटते. सगळे विष एकाच वेळी पाण्यात सांडते. शेवाळ गेले, पाणी निवळले, असे वाटते. आणि नेमके तेच पाणी आपण लेकरांना देतो.

दुसरेही नुकसान होते. मेलेले शेवाळ पाण्यात कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. मोरचुदातले तांबे तळाच्या गाळात साठत जाते. आणि शेवाळाचे खाद्य? ते तर तळ्यातच राहते. तण जाळले, खत शिल्लक ठेवले, अशी गत. पुढल्या वर्षी पीक पुन्हा हजर.

मग मोरचूद कधीच वापरत नाहीत का? वापरतात. पण शेवाळ नुकते धरू लागलेले असताना, जाणता माणूस समोर ठेवून, मोजून, आणि पाण्याचा पुरवठा बंद करून. पुढे पाणी तपासून घेतात आणि मगच पुरवठा चालू करतात. पोते उचलून तळ्यात ओतणे हे औषध नव्हे.

तर मग खरे औषध कोणते? ते समजायला शेवाळ काय खाते, हे पाहिले पाहिजे.

कॅनडा देशात डेव्हिड शिंडलर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७३ साली एक प्रयोग केला. डमरूसारखे, मध्ये अरुंद असे एक तळे निवडले. अरुंद जागी पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि त्यांच्या जोडीला स्फुरद घातले. काही आठवड्यांनी विमानातून फोटो काढला. पहिल्या भागातले पाणी पहिल्यासारखेच होते. स्फुरद घातलेला भाग हिरवट झाला होता.

एकच तळे, एकच ऊन, एकच पाऊस. फरक काय तो स्फुरदाचा. हे स्फुरद तुम्ही ओळखता. सुपर फॉस्फेटच्या गोणीत असते, डीएपीत असते. शेणात असते, माणसाच्या मैल्यात असते, कपड्यांच्या काही पावडरींतही असते. शेतात पडले तर धान्य पिकवते. तळ्यात गेले तर विष पिकवते.

म्हणजे खरे औषध हे, की शेवाळाचे खाणे तोडावे. याने गुण येतो का? येतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराजवळ वॉशिंग्टन सरोवर आहे. भोवतालच्या वस्त्यांचे मैलापाणी त्यात सोडत. पुढे पुढे रोज सुमारे साडेसात कोटी लिटर! १९५५ साली तिथे निळे-हिरवे शेवाळ दिसले. एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांनी लोकांना सावध केले. हे पाणी दुसरीकडे न्यायचे तर खर्च मोठा. लोकांचे मत घेतले. १९५८ साली पहिल्या मतदानात बेत फसला. त्याच वर्षी पुन्हा मत घेतले, तेव्हा मंजूर झाला. १९६३ पासून १९६८ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळे मैलापाणी सरोवरातून वळवले. १९६४ साली पाण्यात अडीच फुटांपलीकडे दिसत नव्हते. १९६८ साली दहा फुटांपर्यंत दिसू लागले. पुढे शेवाळही हटले. हे औषध सावकाश लागते, पण रोगाच्या मुळावर लागते.

जाणकार आणखीही उपाय करतात. तळाच्या गाळातले स्फुरद बांधून ठेवायला तुरटीच्या जातीचे क्षार मोजून घालतात. सिअ‍ॅटलच्याच ग्रीन लेक तळ्यात १९९१ साली असे केले, आणि २००४ साली पुन्हा करावे लागले. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत खास तयार केलेल्या कोळशाने विष शोषून घेतात. ही कामे तज्ज्ञांची आहेत. पण खाणे तोडण्याचे काम गावाचे आहे. ते दुसरा कोणी येऊन करणार नाही.

त्यासाठी काय करावे?

पिण्याच्या तळ्यात गुरे धुऊ नयेत. त्यांना पाणी पाजायला हौद वेगळा करावा. कपडे तळ्याच्या काठी धुऊ नयेत. गावचे सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जिरवावे. तळ्याच्या वरच्या अंगाला कोणी शौचाला बसू नये, उकिरडा करू नये. निर्माल्य पाण्यात टाकू नये; खड्ड्यात घालून त्याचे खत करावे. मोठा पाऊस येणार असे दिसले, तर शेतात खत विस्कटू नये. दिले ते मातीआड करावे. बांध घालावेत. तळ्याभोवती गवताचा रुंद पट्टा राखावा. तळे आटले की गाळ काढून शेतात न्यावा. महाराष्ट्रात २०१७ साली सरकारने यासाठी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. गाळात स्फुरद असते. तळ्याला नको ते शेताला हवे.

आणि तळे हिरवे झालेच तर? त्या दिवसापासून ते पाणी पिऊ नका, त्याने स्वयंपाक करू नका. मुलांना पोहायला सोडू नका. गुरांना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्या. मेलेले मासे खाऊ नका. ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, पाणी तपासायला लावा. कोणाला उलट्या, हगवण, कावीळ, अंगाला खाज असे झाले, तर डॉक्टरला तळ्याचे पाणी प्यायल्याचे आवर्जून सांगा. पाणी निवळले म्हणून लगेच पिऊ नका. रंग गेला तरी विष काही दिवस मागे राहू शकते. तपासणीत निर्धोक ठरले, की मग प्या.

हे ऐकून बायाबापड्या म्हणतील, "कपडे लांब धुवायचे, गुरांना हौद भरायचा, हे कष्ट आमच्याच डोक्यावर." खरे आहे. म्हणून हे एकट्या घराचे काम नाही. हौद, धुण्याचा ओटा, शोषखड्डे ही गावाने मिळून करण्याची कामे आहेत. पुढल्या ग्रामसभेत ती मांडा. पहिल्या सभेत मंजूर झाली नाहीत, तर दुसऱ्या सभेत पुन्हा मांडा.

आमचे सांगणे एवढेच. आता कोणाला काही विचारायचे असेल, तर खुशाल विचारा.