बाटलीवरचं नारळाचं झाड



गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने भांडी घासायचं लिक्विड करायला घेतलं. स्टिकरवर हौसेने नारळाचं झाड छापलं. आठवडी बाजारात एका आजींनी बाटली उचलली आणि विचारलं, "ह्यात नारळ किती गो?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या लिक्विडात मुख्य माल होता अ‍ॅसिड स्लरी. ती खनिज तेलापासून बनते. नारळाचा तिच्याशी काही संबंध नाही!

मग आम्ही माहिती काढली. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यापासून फेस आणणारे घटक बनतात. त्यांचं एक टोक तेलकटाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून खरकट्याचा ओशटपणा धुऊन निघतो. शाम्पूच्या पुडीवर 'सोडियम लॉरिल सल्फेट' किंवा 'कोकामिडोप्रोपिल बेटाइन' वाचलंत, तर त्यांचं मूळ बहुधा नारळात किंवा पामच्या बियांच्या तेलात असतं. फरशी आणि यंत्रं पुसायच्या द्रवातही हे घटक वापरतात.

पण मूळ नारळाचं म्हणजे हाताला मऊ, असं समजू नका. कारखान्यात त्या तेलावर बऱ्याच प्रक्रिया होतात. लॉरिल सल्फेट फेस भरपूर देतं, पण कातडी कोरडी पाडतं. बेटाइन त्यामानाने सौम्य. साखर आणि नारळ यांपासून होणारं कोको ग्लुकोसाइडही सौम्य, पण महाग पडतं. आणि सौम्य घटकानेही एखादीला खाज येऊ शकते. हाताला भेगा पडत असतील तर लिक्विड पाण्यात पातळ करून घ्या, काम झाल्यावर हात नीट धुवा आणि तेल लावा.

गटात लिक्विड करत असाल तर आणखी थोडं ऐका. कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, प्लास्टिकची बादली घ्या. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कामाला बसू नका, आणि पोरांना लांब ठेवा. माल घेताना दुकानदाराला विचारा, "हा कशापासून बनवलाय?" उत्तर मिळालं तरच बाटलीवर नारळ लिहा.

आमचे उरलेले स्टिकर आम्ही फाडले. चारशे रुपये गेले, जिवावर आलं. नव्या स्टिकरवर झाड नाही, घटकांची नावं आहेत. त्याच आजी परत आल्या, नातीकडून नावं वाचून घेतली आणि म्हणाल्या, "आता दे एक."

आज घरी गेल्यावर तुमच्या मोरीतली बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचून बघा. काय सापडलं ते गटाच्या बैठकीत सांगा.