पत्ता : द्वारा ५६ ए.पी.ओ.

(सैनिक कुटुंबांतील बालपणावर पत्त्यांचा एक खेळ व सोबतची पुस्तिका सिद्ध करण्याच्या कल्पनेसंबंधी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘पत्ता’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक पत्ता पाकिटावर लिहावयाचा, दुसरा हातात धरून खेळावयाचा. सैनिकाच्या मुलाच्या वाट्याला येणारा पहिल्या प्रकारचा पत्ता मात्र विलक्षण असतो. त्यात गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. वडिलांचा सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’, एवढेच. पलटण काश्मिरात असो वा राजस्थानच्या वाळवंटात, पत्र प्रथम दिल्लीच्या मध्यवर्ती सैनिकी टपाल केंद्रात जाते आणि तेथून पुढे रवाना होते. पूर्वेकडील तुकड्यांसाठी ९९ ए.पी.ओ., त्याचे केंद्र कोलकात्यात. व्यवस्था चोख आहे आणि तिच्यामागील सुरक्षेचा हेतूही उघड आहे. परंतु भूगोलाच्या तासाला ‘तुझे वडील कोठे असतात?’ असे गुरुजींनी विचारल्यावर सात वर्षांच्या मुलाने काय सांगावे? ‘छप्पन्नला’ हेच त्याच्यापाशी असलेले खरे उत्तर. त्यावर वर्ग हसतो.

या हसण्यापाशी आज विचारार्थ मांडलेल्या कल्पनेचे मूळ आहे. सैनिक कुटुंबांत वाढणाऱ्या मुलांच्या आयुष्यावर पत्त्यांचा एक जोड तयार करावा आणि त्याच्याबरोबर त्याच मुलांच्या बोलातील एक लहान पुस्तिका काढावी, अशी ही कल्पना आहे. अशा कल्पनेचे नाव निघताच प्रथम सुचते ते वीरांच्या चित्रांचे. २१ परमवीरचक्रविजेते, त्यांच्या लढाया, त्यांची पदके. चार रंग, चार युद्धे. असा जोडही अवश्य व्हावा. पण तो सैनिकाविषयी होईल, त्याच्या मुलाविषयी नव्हे. आपल्या समाजाने सैनिकाचा सन्मान करण्याची रीत पुष्कळ अंशी आत्मसात केली आहे. त्याच्या मुलाचे ऐकून घेण्याची केलेली नाही. व्यासपीठावर नेऊन त्याला नारळ दिला जातो, त्याच्या पाठीवरून हात फिरवला जातो आणि त्याने ताठ उभे राहावे अशी अपेक्षा केली जाते. ते उभे राहतेही. काय बोलावयाचे, हे त्याला कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत या बालपणाचा विचार बऱ्याच आधी सुरू झाला. तेथे सैनिकाच्या मुलाला ‘ब्रॅट’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे ‘कार्टे’; आणि ती मुले ही शिवी बिरुदासारखी मिरवितात. आपल्या छावण्यांतही तो शब्द रुळला आहे. एका सेनाधिकाऱ्याची कन्या असलेल्या मेरी एडवर्ड्स वर्ट्श यांनी १९९१ साली या बालपणावर ‘मिलिटरी ब्रॅट्स’ हे पुस्तक लिहिले. त्याहून आपल्या जवळची गोष्ट अशी, की दोन संस्कृतींच्या मधल्या जागेत वाढणाऱ्या मुलांसाठी जगभर वापरला जाणारा ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हा शब्दप्रयोग ज्या अभ्यासातून निघाला, तो जॉन व रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९५० च्या दशकात भारतातच, येथे राहणाऱ्या अमेरिकनांविषयी केला होता.

मात्र हे पाश्चात्त्य लेखन जसेच्या तसे उचलून चालणार नाही. त्यात मूल वडिलांबरोबर गावोगाव फिरते. आपल्याकडे असे बालपण मुख्यतः अधिकाऱ्यांच्या आणि छावणीत निवासस्थान मिळालेल्या जवानांच्या मुलांचे. १९६३ साली पलटणींच्या २० शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली, ती बदलीवर जाणाऱ्या नोकरदारांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणूनच. आज अशा बाराशेहून अधिक शाळा आहेत. अंबाल्याला मिटलेले पुस्तक तेजपूरला त्याच धड्यापासून उघडता येते. पण साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे काय? ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ते ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेथील, किंवा सातारा-सांगली-कोल्हापूरच्या अशा अनेक गावांतील जवानाचे मूल बहुधा फिरत नाही. ते आजी-आजोबांच्या घरी त्याच शाळेत, त्याच पारावर वाढते. येतात आणि जातात ते वडील. एकाला दर तीन वर्षांनी मित्र बदलावे लागतात, दुसऱ्याला दर सहा-आठ महिन्यांनी वडिलांची नव्याने ओळख करून घ्यावी लागते. खेळ रचणाऱ्याने ही दोन्ही बालपणे एकाच जोडात आणावयास हवीत, नाही तर तो खेळ छावणीतल्या बंगल्यांपुरताच राहील.

पत्ते म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांचा आक्षेप पैसे लावून खेळण्याला आहे आणि तो योग्यच आहे. उन्हाळ्याच्या सुटीत बदाम सात, झब्बू आणि मेंढीकोट त्यांनीही खेळले आहेत. पत्त्यांनी ज्ञानदानही केले आहे, भक्तीही केली आहे आणि युद्धही. २००३ साली इराकमधील मोहिमेत अमेरिकन सैन्याने पकडावयाच्या इराकी नेत्यांची चित्रे पत्त्यांवर छापून जवानांना वाटली. इस्पिकचा एक्का सद्दाम हुसेन होता. आणि आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तर त्याहून कितीतरी जुनी. हाताने रंगविलेले, लाखेचा लेप दिलेले १२० गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. तिचे दोन नियम येथे फार उपयोगी आहेत. खेळाची सुरुवात दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने करावयाची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने. आणि निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा. तेथे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. वेळ बदलली की मान बदलतो, जागा बदलली की किंमत बदलते. सैनिकाच्या घरात याहून वेगळे काय घडते?

नव्या जोडात ५० पत्ते पुरेत. पाच रंग, प्रत्येकी दहा : पत्र, पेटी, शाळा, भाषा आणि रजा. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि एक लहानशी विचारणा. पेटी म्हणजे ती काळी पत्र्याची ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक रंगविलेला असतो. खेळात मधूनच ‘बदली’ पुकारली जाते. ती पुकारताच प्रत्येकाने उठून शेजारच्या जागेवर बसावयाचे आणि हातातले तीनच पत्ते बरोबर न्यावयाचे. उरलेले तेथेच, पुढच्या माणसासाठी. काय ठेवले आणि काय सोडले, हे सांगितल्यावाचून डाव पुढे सरकत नाही. सायकल, कुत्रा, भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या उंचीच्या खुणा, जिवलग मैत्रीण : यांतले ट्रंकेत काय मावते, हे मुलांना पक्के ठाऊक असते. मोठ्या माणसांची मात्र या जागी अडचण होईल. गावात राहणाऱ्या मुलासाठी याच वेळी उलटा नियम : त्याने जागेवरच बसावयाचे आणि शेजारचा उठून जाताना त्याला निरोप द्यावयाचा.

सर्वांत कठीण रंग रजेचा. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती हवी तेव्हा मिळेलच असे नाही आणि प्रवासातही दिवस जातात. या दिवसांत शेताचा बांध, बहिणीचे लग्न, घराचे पत्रे, वडिलांचे मोतीबिंदू हे सारे उरकावयाचे असते. मूल पहिल्या दिवशी आईच्या पदराआड उभे राहते. लहान असेल तर वडिलांना ‘काका’ म्हणते आणि सारे घर हसते. त्या हसण्यात वडील हसत नाहीत. आठवड्याने ते खांद्यावर बसू लागते, महिन्याने त्याला वडिलांवाचून झोप येत नाही, आणि तेव्हाच ट्रंक पुन्हा अंगणात येते. म्हणून या रंगात गंजिफेसारखा उलटा क्रम ठेवावा. दश्शी, म्हणजे रजेचा दहावा भाग उरलेला दिवस, सर्वांत लहान. आणि एक्का, म्हणजे दारात उभे राहिलेल्या वडिलांचा पहिला दिवस, सर्वांत मोठा.

या खेळात हुद्दा नसावा. छावणीत मुलांनाही कोणाचे वडील सुभेदार आणि कोणाचे कर्नल हे माहीत असते, आणि वाढदिवसाला कोणी कोणाकडे जावे यावर त्याची छाया पडते. पत्त्यांत ती नको. जिंकणे-हरणे असावे, कारण त्याशिवाय मुले खेळत नाहीत. पण उत्तराला गुण नसावेत. ‘भीती वाटली’ म्हणणारे मूल ‘अभिमान वाटला’ म्हणणाऱ्याच्या मागे पडले, तर दुसऱ्या डावात सगळीच मुले अभिमानाचे उत्तर देतील आणि खेळ संपेल.

मग जे वडील परतलेच नाहीत, त्यांचे काय? कारगिलच्या १९९९ च्या उन्हाळ्यात ५२७ जवानांनी प्राणार्पण केले. जे ठिकाण वडील पत्रात लिहू शकत नव्हते, ते त्या उन्हाळ्यात मुलांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. याविषयी पत्ता छापावा काय? छापू नये. पन्नास पत्त्यांतून अवचित तो एखाद्या मुलाच्या हाती यावा, ही कल्पनाच सहन होत नाही. मात्र त्या मुलाला खेळाबाहेर ठेवणे हाही अन्याय होय. म्हणून जोडात पाच कोरे पत्ते असावेत. ज्याला हवे त्याने त्यांवर लिहावे, काढावे, किंवा कोरेच टाकावे. कोरा पत्ता टाकणाऱ्याला कोणी काही विचारावयाचे नाही, हा नियम डब्याच्या झाकणावर छापावा.

पुस्तिकेचे काम याहून सोपे आणि याहून धोक्याचे. सोपे यासाठी, की मुलांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. धोक्याचे यासाठी, की संपादकाची लेखणी त्यांच्या बोलण्याला शुद्ध करू पाहील. ‘पप्पांची पोस्टिंग आली’ हे वाक्य ‘बाबांच्या बदलीचा आदेश प्राप्त झाला’ असे करू नये. पंजाबीमिश्रित हिंदीत भांडणारे आणि आजीशी कोल्हापुरी मराठीत बोलणारे मूल कागदावरही तसेच बोलले पाहिजे. पलटणीचे नाव, ठाण्याचे नाव, हालचालींच्या तारखा आणि गणवेशावरील चिन्हे दिसतील अशी छायाचित्रे यांना मात्र मुळीच जागा नसावी. मुलांचीही नावे नकोत. वय आणि इयत्ता पुरे. आठवणी मिळविताना एकटे मूल समोर बसवून प्रश्न विचारू नयेत. आधी खेळ मांडावा, त्यात आईलाही बसवावे. आई खेळू लागली की मुले बोलू लागतात. आणि रजेच्या रंगावर अनेकदा आईच अधिक बोलेल, हेही धरून चालावे.

प्रारंभी हाताने केलेले दहा जोड पुरेसे आहेत. जाड पुठ्ठा, कात्री आणि शाळेतील एखादे चित्रकलेचे शिक्षक एवढे साहित्य कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळेल. माजी सैनिकांची वस्ती असलेल्या गावांत ते दिवाळीच्या सुमारास न्यावेत, कारण तेव्हा काहींचे वडील रजेवर आलेले असतील आणि काहींचे नसतील. दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच सतरंजीवर बसवावे. डाव संपल्यावर पाचही कोरे पत्ते वेगळे काढून, त्यांवर जे असेल ते, तसेच परत आणावे. छापील जोडाचे काम त्यानंतर हाती घ्यावे.